पुळणीवरील लाटांची दैनंदिन नोंद

समुद्रकाठच्या शाळेत काम करणाऱ्या शिक्षकास दिवाळीनंतरच्या सहलींच्या दिवसांत एका प्रश्नाची सवय होऊन जाते. घाटमाथ्यावरची एखादी शाळा पुळणीवर उतरते, मुले चपला हातात घेऊन पाण्याकडे धावू लागतात आणि बरोबरचे शिक्षक तेथे उभ्या असलेल्या गावकऱ्यास विचारतात, "आज समुद्र कसा आहे हो? मुलांना पाण्यात सोडू का?" प्रश्न साधा आहे, उत्तर तितके साधे नाही. "शांत आहे" हे उत्तर बहुतेक वेळा दिले जाते, आणि बहुतेक वेळा ते समुद्राकडे नीट न पाहताच दिलेले असते.

मीही एके काळी असेच उत्तर देत असे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत चौथीच्या वर्गास शिंपले गोळा करण्यासाठी मी पुळणीवर नेले होते. लाटा दोन्ही बाजूंस पांढऱ्या फुटत होत्या. मध्ये वीसएक पावले रुंदीची एक पट्टी मात्र अशी होती की, तेथे फेस नव्हता; पाणी गडद व संथ दिसत होते. मुलांना पाय धुण्यासाठी मी विचारपूर्वक तीच जागा दाखविली. गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक मुलगी पाहता पाहता कमरेइतक्या पाण्यात व लगेच पाय न टेकणाऱ्या पाण्यात गेली. तिला कोणी ढकलले नव्हते. मोठी लाटही आली नव्हती. जवळच रापण ओढणाऱ्या मंडळींपैकी एकाने कमरेस दोर बांधून पाण्यात उडी घेतली, म्हणून ती परत आली. दोर गुंडाळताना तो गृहस्थ एवढेच म्हणाला, "गुरुजी, लाट फुटत नाही तिथं पोरांना उतरवायचं नसतं."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढे कित्येक महिने लाटा पाहिल्यावर व मोजल्यावर उमगला. तो अर्थ शिक्षक बंधुभगिनींपुढे मांडावा व प्रत्येक किनारी शाळेस सहज ठेवता येईल अशा एका नोंदवहीची माहिती द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. उदाहरणादाखल आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरची पुळण घेऊ. ती लांबच लांब, जवळजवळ सरळ व पश्चिमेस उघडी आहे. तेथे लाटांचा स्वभाव फारसा झाकला जात नाही.

प्रथम लाट म्हणजे काय ते पाहू. समुद्रावरून वारा वाहतो, पाण्याचा पृष्ठभाग त्याच्याकडून शक्ती घेतो व लाट निर्माण होते. वारा किती जोराचा आहे, किती वेळ वाहिला आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला, या तीन गोष्टींवर लाटेचा आकार अवलंबून असतो. तळ्यावर कितीही सोसाट्याचा वारा सुटला तरी समुद्रासारखी लाट उठत नाही, याचे कारण तिसऱ्या गोष्टीत आहे. खोल समुद्रात लाट पुढे जाते, पाणी मात्र जवळजवळ जागच्या जागी गोल फिरते. मुलांना हे दाखविण्यास नारळाचे एक सोडण पुरे. खाडीच्या संथ पाण्यात ते लाटेबरोबर वर-खाली, पुढे-मागे होते, पण लाटेबरोबर निघून जात नाही.

आपल्या किनाऱ्यावर एकाच वेळी दोन जातींच्या लाटा येत असतात आणि हा भेद ओळखता आला की, अर्धे काम झाले. पहिली जात जवळच्या वाऱ्याची. सकाळी पुळण शांत असते. दुपारी खारा वारा सुटतो, तो आपल्याकडे बहुधा वायव्येकडून येतो, आणि तीन-चार तासांत समुद्र आखूड, तुटक, पांढऱ्या शेंड्यांच्या लाटांनी भरून जातो. दोन लाटांमधील अंतर चार-पाच सेकंदांचे असते. सायंकाळी वारा पडला की, या लाटाही विरतात. दुसरी जात दुरून आलेली. तिचा उगम आपल्या वाऱ्यात नसतो. दक्षिण गोलार्धात, चाळीस ते साठ अक्षांशांच्या पट्ट्यात वर्षभर वादळे घोंघावत असतात. तेथे उठलेली लाट हजारो किलोमीटर चालून आपल्या पुळणीवर येते. सोळा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या अशा लाटांची शक्ती दिवसाला हजार किलोमीटरांच्या आसपास मजल मारते. म्हणजे आज आपल्या पायांशी फुटलेली लाट सहा-सात दिवसांपूर्वी निघालेली असू शकते. भूगोलाच्या तासाला पृथ्वीच्या गोलावर दोरा धरून हे अंतर मुलांकडून मोजवावे. हिवाळ्यात आणखी एक पाहुणी असते. अरबस्तान व इराणचे आखात या बाजूस 'शमाल' नावाचे वायव्य वारे सुटतात. त्यांनी उठविलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून रत्नागिरी व गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येतात, असे गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजमापांवरून दाखविले आहे.

दुरून येणारी लाट उंचीने लहान दिसते, म्हणून फसवी असते. तिची लांबी काढण्याची एक सोपी रीत आहे. दोन लाटांमधील सेकंदांचा वर्ग करून त्याची दीडपट केली की, खोल समुद्रातील तिची लांबी साधारणपणे मीटरांत मिळते. चार सेकंदांची लाट सुमारे चोवीस मीटरांची, तर बारा सेकंदांची दोनशे मीटरांहून लांब. उंची दोहोंची सारखीच असली तरी दुसरीच्या पाठीशी पाण्याचा साठा कितीतरी मोठा असतो. ती पुळणीवर चढली की, चढतच राहते. कोरड्या वाळूत ठेवलेली दप्तरे भिजवून जाणारी लाट बहुधा याच जातीची असते.

आता फुटण्याविषयी. लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून पाणी उथळ झाले की, तिला तळ जाणवू लागतो. तिचा वेग कमी होतो, मागून येणारे पाणी पुढच्यावर चढते व उंची वाढते. पुढे पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली म्हणजे तिला तोल सांभाळता येत नाही आणि ती फुटते. उतार मंद असेल तर लाट माथ्यावरून फेस सांडीत दूरवरून येते. उतार उभा असेल तर ती काठाशीच धाडकन कोसळते. दुसऱ्या प्रकारची पुळण लहान मुलांसाठी अधिक वाईट होय, कारण तेथे दोन पावलांत पाणी गुडघ्यावरून छातीवर येते.

या सव्वापटीच्या नियमात आपले सारे प्रकरण सामावलेले आहे. एक मीटर उंचीची लाट जेथे फुटते, तेथे सुमारे सव्वा मीटर पाणी आहे. तर मग तिच्याच रांगेतील लाट मध्येच वीस पावलांच्या पट्टीत फुटत नसेल, तर तेथे काय आहे? तेथे पाणी अधिक खोल आहे. फेस नाही याचा अर्थ पाणी निवळ व निरुपद्रवी आहे असा नसून, खाली तळ खचला आहे असा आहे.

पण खोली ही निम्मीच गोष्ट झाली. किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली वाळूचा बांध साचलेला असतो. लाटा त्यावर फुटतात आणि फुटलेले पाणी बांधाच्या अलीकडे, काठाच्या बाजूस टाकतात. प्रत्येक लाट आणखी पाणी आणते. हे पाणी साठून राहू शकत नाही. त्यास परत जावेच लागते, आणि समोरून तर लाटा येतच असतात. तेव्हा ते काठाने आडवे वाहत जाते आणि बांधास जेथे खिंड असेल तेथून एकवटून समुद्राकडे धाव घेते. शेताच्या बांधाला भगदाड पडले की, साऱ्या खाचराचे पाणी तेथून कसे वाहू लागते, हे कोकणातील कोणत्याही मुलास सांगावे लागत नाही. आपली संथ, गडद पट्टी म्हणजे हे भगदाड होय. वाहत्या पाण्याने तेथील वाळू खरवडली जाते, म्हणून खोली वाढते. खोली वाढते म्हणून लाट फुटत नाही. आणि लाट फुटत नाही म्हणून ती जागा नवख्या माणसास सर्वांत सुरक्षित वाटते. त्या दिवशी मी नेमकी तीच निवडली होती.

या ओढीचा वेग बहुधा सेकंदास अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण कधी कधी तो दोन मीटरांपर्यंतही जातो. शंभर मीटरांची शर्यत पोहणाऱ्या ऑलिंपिक खेळाडूचा वेग सेकंदास दोन मीटरांहून जेमतेम अधिक असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे विहिरीत पोहणारी पट्टीची मुलेही समुद्रात का थकून जातात याचा उलगडा होतो. ओढ माणसास खाली खेचीत नाही, बाहेर नेते. बुडणारा बुडतो तो सरळ काठाकडे पोहण्याच्या हट्टाने दमून. यास्तव मुलांस शिकवावयाचे ते हे: ओढीत सापडल्यास उताणे होऊन तरंगत राहावे, हात वर करून हाक मारावी, आणि पोहणे शक्य असल्यास काठाकडे न पोहता काठाला समांतर, जिकडे लाटा फुटत आहेत तिकडे पोहावे. तेथे पाणी उथळ असते व लाटाच माणसास काठाकडे ढकलतात. काठावरील माणसाने, विशेषतः शिक्षकाने, मागचा पुढचा विचार न करता उडी घेऊ नये. दोर, रिकामा बंद डबा, तोंड बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या मोठ्या बाटल्या, जे तरंगेल ते फेकावे, कोळी बांधवांना हाक मारावी व ११२ या क्रमांकावर कळवावे. समुद्रातील शोध व बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही आहे. सहलीच्या साहित्यात स्वयंपाकाच्या भांड्यांची यादी असते. वीस-पंचवीस मीटरांचा दोर त्या यादीत मला क्वचितच आढळला आहे.

भरती-ओहोटीचा या साऱ्याशी निकट संबंध आहे. ओहोटीच्या वेळी बांधावरचे पाणी उथळ होते, परतीस वाट उरते ती खिंडीचीच. त्यामुळे तेथील ओढ बहुधा वाढते. भरतीची वेळ काढण्याची आपल्या वाडवडिलांची रीत अनेकांस ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीस तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास; दिवसा तशीच रात्रीही. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे मागे पडते, म्हणून हा हिशेब जुळतो. स्थानपरत्वे त्यात अर्ध्या-एक तासाचा फरक पडतो, तो आपल्या गावापुरता नोंदींवरूनच काढावा. पाण्याच्या चढउताराचे प्रमाणही सर्वत्र सारखे नाही. उधाणाच्या भरतीस मुंबईस ते चार मीटरांहून अधिक, आपल्याकडे अडीच मीटरांच्या आसपास, गोव्याकडे आणखी कमी असते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, ते पुष्कळच घटते.

या पाऊणपटीतून सहलीच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निघते. बाहेरगावच्या सहली सूर्यास्त पाहण्यासाठी सायंकाळी पाच-सहाच्या सुमारास पुळणीवर येतात. पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत भरती दुपारी होऊन गेलेली असते आणि सायंकाळी समुद्र ओहोटीस लागून पार मागे गेलेला असतो. पुळण रुंद, ओली, चकचकीत, खेळावयास सुंदर. मुले पाण्याच्या मागे मागे जातात आणि अगदी बांधाच्या खिंडीशी पोहोचतात. वर दिवसभराच्या प्रवासाचा शीण व अंधार पडण्याची घाई. पंचांग पाहून सहलीचा दिवस ठरविण्याची चाल आपल्याकडे आहेच. त्यात तिथीकडे या दृष्टीनेही पाहावे.

ऋतूंविषयी थोडक्यात. आगोटीपासून भाद्रपदापर्यंत समुद्राचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. एरवी एक मीटरच्या आतबाहेर असणाऱ्या लाटा त्या काळात दोन-तीन मीटरांच्या असतात, क्वचित चार मीटरांहून उंच. या लाटा पुळणीवरील वाळू ओढून समुद्रात नेतात व तेथे बांध घालतात. पावसाळा संपल्यावर लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. हे परत आणण्याचे काम हिवाळ्यापर्यंत चालते. याचाच अर्थ, नारळी पौर्णिमेस नारळ वाहिला व होड्या पाण्यात गेल्या, तरी पुळणीसमोरील बांध व खिंडी तशाच राहिलेल्या असतात. दिवाळीच्या सुट्टीतील पुळण वरून उन्हाळ्यासारखी दिसते, पण तिचा तळ अजून पावसाळी असतो. चक्रीवादळांचे दिवसही पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येतात. २००९ चे 'फयान' नोव्हेंबरात आले, २०२० चे 'निसर्ग' ३ जूनला, आणि २०२१ चे 'तौक्ते' मे महिन्याच्या मध्यात किनाऱ्याला समांतर गेले. वादळ दूर असतानाही त्याच्या लाटा आधी येऊन पोहोचतात.

हल्ली समुद्राचे भाकीत घरबसल्या मिळते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ साली स्थापन झाले. त्याच्याकडून लाटांची उंची, दिशा व कालावधी यांची दैनंदिन भाकिते प्रसिद्ध होतात व उंच लाटांचे इशारे दिले जातात. ते भ्रमणध्वनीवर पाहता येतात. त्यांचा उपयोग अवश्य करावा, परंतु आकड्याचा अर्थ समजून करावा. "दीड मीटर" असे दिलेले असते तेव्हा ती सर्व लाटांतील सर्वांत उंच अशा एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. शिवाय हा आकडा बाहेरच्या समुद्राचा. आपल्या पुळणीवर काय होईल हे तिच्या उतारावर, तोंडावर व समोरच्या खडकांवर अवलंबून असते. लाटा उथळ पाण्यात वळतात, भूशिरांवर एकवटतात व आखातात पसरून मंदावतात. म्हणूनच सुवर्णदुर्गाच्या आडोशाला असलेले हर्णे आणि उघडे गुहागर यांना एकाच दिवशी एकच भाकीत लागू असूनही पाणी निराळे असते. अंजनवेलजवळ वाशिष्ठी समुद्रास मिळते; तेथे नदीच्या पाण्याची आणखी एक ओढ त्यात मिसळते. भाकीत हैदराबादेहून येईल; खिंड कोठे आहे हे मात्र गावातच पाहावे लागेल, आणि ती दर महिन्यास सरकते.

याकरिता नोंदवही. पुळणीबाहेरील एक पक्की, उंच जागा ठरवावी. तेथूनच, रोज एकाच वेळी, पाचवी ते सातवीच्या दोघा विद्यार्थ्यांनी शिक्षक अगर पालक जवळ असताना दहा मिनिटे निरीक्षण करावे. मोठ्या लाटा टोळीने येतात, मध्यंतरी समुद्र गप्प असतो, त्यामुळे एक-दोन मिनिटांत पाहून निर्णय देणे व्यर्थ होय. पहिली लाट ठरलेल्या खडकाशी वा खुंटाशी आली की, घड्याळ पाहावे व अकरावी तेथे येईपर्यंतचे सेकंद मोजून दहाने भागावे. उंचीसाठी एक युक्ती आहे. काठाच्या कोरड्या वाळूवर शिक्षकाने पुढे-मागे अशा ठिकाणी उभे राहावे की, फुटणाऱ्या लाटेचा माथा क्षितिजाच्या रेषेशी बरोबर जुळेल. मग पाण्याच्या पातळीपासून आपल्या डोळ्यांची उंची हीच लाटेची उंची. उभ्याने माथा क्षितिजाच्या खाली दिसला तर खाली बसून पाहावे. वाऱ्याची दिशा झेंड्यावरून, भरतीची वेळ तिथीवरून, आणि काठाने पाणी कोणत्या बाजूस वाहते ते कोरड्या वाळूवरून फेकलेल्या सोडणावरून कळते. एका मिनिटात ते किती पावले सरकले ते मोजावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा: लाट कोठे फुटत नाही? त्यात "तिसऱ्या माडापासून पाचव्यापर्यंत" अशा गावच्या खुणा लिहाव्यात.

यातून गणिताचे कितीतरी काम आपोआप होते: सरासरी, आलेख, प्रमाण. पण आमच्या वहीतील मला आवडणारी नोंद गणिताची नाही. एका खारवी मुलाने एप्रिलच्या एका दिवशी लिहिले होते, "वारा नाही. लाट लहान. पण पंधरा सेकंद." त्याने हे मुद्दाम आणून दाखविले, कारण आदल्या आठवड्यात आकडा नऊ-दहाच्या पुढे गेला नव्हता. लांब लाटा वेगाने चालतात, म्हणून दूरच्या वादळाची पहिली वर्दी त्याच देतात. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांपर्यंत चढले. त्याच्या घरच्यांनी आपली होडी सकाळीच वर घेतली होती.

वहीची एक प्रत सहलींस दिसेल अशा ठिकाणी फळ्यावर लिहून ठेवण्याची पद्धत काही गावांत सहज पाडता येईल. ग्रामपंचायतीकडून फळा व खडू एवढेच हवे. त्यावर आजची भरतीची वेळ व लाट न फुटणारी जागा या दोन ओळी पुरेत. पावसाळ्यात मात्र मुलांनी पुळणीवर उतरू नये. नोंद गावच्या बाजूच्या उंचवट्यावरूनच घ्यावी. पावसाची सर, धुके किंवा सुट्टी यांमुळे निरीक्षण झाले नाही, तर कालचाच आकडा उतरवून रकाना भरण्याचा मोह मुलांस होतो. तसे होऊ देऊ नये. त्या दिवसापुढे "दिसले नाही" असे स्वच्छ अक्षरात लिहवून घ्यावे व फळ्यावरही तेच लिहावे.